ओपनस्ट्रीटमॅपवर नव्याने आलेल्यांसाठी: कोणता प्रश्न कुठे विचारावा

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, खाते उघडून आपल्या गावचा पहिला रस्ता रेखाटला, की एक-दोन दिवसांतच प्रश्न पडू लागतात. शेतात जाणारी पाणंद कोणत्या प्रकारचा रस्ता म्हणून नोंदवावी, ओढ्यापलीकडच्या वाडीला स्वतंत्र गाव मानावे की मूळ गावाचाच भाग, ज्या देवळाला गावात तीन नावे आहेत त्याचे कोणते नाव लिहावे, असे हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे देणारे लोक आहेत आणि ते बहुधा आनंदाने उत्तरे देतात. अडचण एवढीच, की त्यांना गाठायचे कुठे हे नव्या माणसाला कळत नाही. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाला तक्रार खिडकी नाही. २००६ साली स्थापन झालेले ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन सर्व्हर, परवाना आणि कायदेशीर बाबी सांभाळते. नकाशात काय नोंदवायचे आणि कसे, हे मात्र स्वयंसेवक आपापसांत बोलून ठरवतात. हे बोलणे वीस वर्षांत मेलिंग लिस्ट, आयआरसी, विकी, फोरम, टेलिग्राम, मॅट्रिक्स, डिस्कॉर्ड असे पसरत गेले. नवे दालन उघडले तरी जुन्यात कोणी ना कोणी बसलेलेच असते, त्यामुळे नवा माणूस गोंधळतो आणि शेवटी कुठेच विचारत नाही.

माझ्या मते निवडीची एकच कसोटी पुरेशी आहे. प्रश्न ज्या गोष्टीविषयी आहे, त्या गोष्टीच्या शक्य तितक्या जवळ तो विचारावा, म्हणजे पुढे त्याच गोष्टीला हात लावणाऱ्या माणसाला तो आपोआप दिसेल. एखाद्या एडिटविषयीचे बोलणे त्या एडिटपाशी, एखाद्या जागेविषयीचे त्या जागेपाशी आणि एखाद्या पद्धतीविषयीचे सर्वांना शोधता येईल अशा फोरमवर व्हावे. चॅट हे केवळ हाताशी बसून शिकण्याचे ठिकाण आहे. खालील पायऱ्या याच कसोटीवर मांडल्या आहेत.

पहिली पायरी: ज्या ईमेलवर उत्तर येणार, तो ईमेल

खाते उघडताना अनेक जण कधीही न उघडला जाणारा जुना ईमेल पत्ता देतात आणि तिथेच पहिली चूक होते. तुमच्या एडिटवर कोणी प्रश्न विचारला, तुमच्या नोटला कोणी उत्तर दिले किंवा कोणी खासगी संदेश पाठवला, तर त्याची सूचना याच पत्त्यावर येते. ती स्पॅममध्ये पडत नाही ना, हे सुरुवातीच्या आठवड्यात मुद्दाम पाहावे. वारंवार प्रश्न येऊनही मॅपर उत्तर देत नसेल, तर डेटा वर्किंग ग्रुप नावाचा स्वयंसेवकांचा गट त्याच्या खात्यावर ‘शून्य तासांची’ बंदी घालू शकतो. ही मुदतीची शिक्षा नसते. लॉगिन करून तो संदेश वाचेपर्यंत पुढचे एडिट करता येत नाही, एवढाच तिचा अर्थ असतो. परंतु ज्याला आधीचा एकही मेल मिळालेला नाही, त्याला तो धक्काच वाटतो.

त्यानंतर प्रोफाइलमध्ये दोन वाक्ये लिहावीत: कोणत्या भागातले काम करता आणि कोणत्या भाषांत उत्तर देऊ शकता. ‘सातारा जिल्ह्यातील वाई आणि जावळी तालुक्यांत काम करतो, मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल’ एवढे पुरते. कोऱ्या प्रोफाइलच्या माणसाशी लोक थोडे सावधपणे बोलतात, आणि त्यांचेही चुकत नाही. प्रोफाइलमध्ये घराचे स्थान नोंदवले, तर डॅशबोर्डवर आसपासचे मॅपर दिसतात आणि त्यांनाही तुम्ही दिसता. म्हणून तिथे खरे घर न दाखवता गावातला मुख्य चौक किंवा एसटी स्टँड दाखवावा.

दुसरी पायरी: चेंजसेट, म्हणजे बोलण्याची सर्वांत जवळची जागा

तुम्ही बदल सेव्ह करता तेव्हा त्यांचा एक गठ्ठा तयार होतो, त्याला चेंजसेट म्हणतात. सेव्ह करताना एक टिप्पणी मागितली जाते, आणि नवखा माणूस तिथे ‘अपडेट’ किंवा ‘रस्ता’ असे काहीतरी लिहून पुढे जातो. प्रत्यक्षात ही २५५ अक्षरांची चौकट हे तुमचे समाजाशी पहिले संभाषण असते. चेंजसेट एकदा बंद झाला की ती टिप्पणी बदलता येत नाही, म्हणून घाई करू नये. चांगली टिप्पणी अशी असते: ‘गावाच्या उत्तरेकडील दोन पाणंद रस्ते उपग्रह छायाचित्रावरून काढले, ओढ्यावरचा फरशी पूल स्वतः जाऊन पाहिला.’ काय केले आणि कशाच्या आधारावर केले, या दोन गोष्टी त्यात आल्या. ती मराठीत लिहिण्यास काहीच हरकत नाही. दूरच्या देशातला तपासणारा माणूस ती यंत्राने भाषांतरित करून वाचतो, आणि स्पष्ट लिहिलेल्या मराठीचे भाषांतर तुटक इंग्रजीपेक्षा बरे होते, असा माझा अनुभव आहे.

आयडी या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या एडिटरमध्ये सेव्हच्या त्याच चौकटीत, ‘माझे बदल कोणीतरी तपासावेत’ अशा अर्थाची एक खूण करता येते. सुरुवातीला ती अवश्य करावी. चेंजसेट तपासणारे मॅपर ‘ओएसएमचा’ (OSMCha) नावाच्या साधनात अशी खूण असलेले बदल वेगळे काढून पाहू शकतात. तपासणी होईलच अशी हमी मात्र नाही. आपल्याकडे लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा नकाशावर न आलेली गावे जास्त आहेत.

२०१४ पासून प्रत्येक चेंजसेटखाली चर्चा करण्याची सोय आहे, आणि तुम्हाला येणारा पहिला प्रश्न बहुधा तिथेच येईल. तो एका ओळीचा असेल: ‘या रस्त्याचा स्रोत काय?’ मराठी कानाला हा जाब विचारल्यासारखा वाटतो आणि नवा मॅपर एक तर गप्प बसतो किंवा रागावतो. विचारणाऱ्याचा रोख तसा नसतो. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा खुल्या परवान्याखाली असल्यामुळे गूगल मॅप्स किंवा कोणत्याही हक्क राखीव नकाशावरून काहीही उतरवून घेणे इथे चालत नाही, आणि संशय आला की स्रोत विचारणे ही नेहमीची रीत आहे. उत्तर शांतपणे द्यावे: ‘नमस्कार. हा रस्ता मी स्वतः दुचाकीवरून गेलो तेव्हा जीपीएसने नोंदवला. शेवटचे अर्धा किलोमीटर अंतर उपग्रह छायाचित्रावरून काढले आहे. तिथे चूक दिसत असल्यास कृपया सांगावे.’ आणि खरोखरच गूगलवरून उतरवले असेल, तर तसे सरळ सांगून ते काढून टाकण्यासाठी मदत मागावी. नव्या माणसाकडून झालेली ही चूक लोक समजून घेतात. लपवालपवी समजून घेत नाहीत.

चर्चेत लिहिलेले वाक्य नंतर तुम्हाला बदलता किंवा पुसता येत नाही, आणि ते जगातल्या कोणालाही दिसते. त्यामुळे फोन नंबर लिहू नये, आणि रात्री अकरा वाजता चिडून उत्तर देऊ नये.

हीच सोय उलट दिशेनेही वापरावी. तुमच्या शेजारच्या गावात कोणी नीटनेटके काम केलेले दिसले, तर त्या रस्त्यावर किंवा इमारतीवर क्लिक करून तिचा इतिहास उघडावा. कोणत्या खात्याने, कोणत्या दिवशी, कोणत्या चेंजसेटमध्ये बदल केला हे तिथे दिसते. त्या चेंजसेटखाली ‘आपण या वाड्यांची नावे कुठून मिळवली? मलाही शेजारच्या खोऱ्यात हेच करायचे आहे’ असे विचारावे. मी ज्यांच्याकडून सर्वाधिक शिकलो ते लोक मला असेच सापडले. खासगी संदेशाची सोयही आहे, पण ती भेटीची वेळ ठरवणे किंवा संकोचाची एखादी बाब सांगणे एवढ्यापुरतीच ठेवावी, कारण नकाशाविषयीचा निर्णय खासगीत झाला तर तिसऱ्या माणसाला तो कधीच कळत नाही.

तिसरी पायरी: नोट, आणि ती कशासाठी नाही

नकाशावर एखाद्या बिंदूवर चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे नोट. ‘इथला पूल पुरात वाहून गेला, रस्ता बंद आहे’ किंवा ‘या शाळेचे नाव चुकले आहे, फलकावरचे नाव असे आहे’ अशा, जागेवर जाऊन पाहिलेल्या पण स्वतः दुरुस्त करता न आलेल्या गोष्टींसाठी ती असते. तारीख लिहावी, कारण पावसाळ्यात बंद असलेला रस्ता दिवाळीनंतर सुरू झालेला असू शकतो. ‘पाणंद कशी नोंदवावी?’ हा प्रश्न मात्र नोटमध्ये टाकू नये. ती पद्धतीची बाब आहे, आणि नोटमधले उत्तर शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला कधीच दिसणार नाही. दुसऱ्याची नोट सोडवताना काय केले ते एका वाक्यात लिहून मगच ती बंद करावी. खाते नसलेल्या कोणी ती टाकली असेल, तर त्याला तुमच्या प्रतिप्रश्नाचा मेल जात नाही, त्यामुळे महिनोन्महिने वाट पाहण्यात अर्थ नसतो.

चौथी पायरी: फोरम

पद्धतीचे प्रश्न फोरमवर विचारावेत. ओपनस्ट्रीटमॅपचा सध्याचा कम्युनिटी फोरम २०२२ साली डिस्कोर्स या प्रणालीवर सुरू झाला. तिथे ओपनस्ट्रीटमॅपच्याच खात्याने लॉगिन होते, आणि भारतासाठी स्वतंत्र विभाग आहे. टॅग म्हणजे वस्तूचा प्रकार, नाव वगैरे सांगणारी तिला जोडलेली नोंद. टॅगविषयीचे साधे प्रश्न मदत विभागात विचारता येतात. परंतु वाडी, पाणंद, बारव, गावठाण यांसारख्या आपल्याकडच्या गोष्टींविषयी भारताच्या विभागातच विचारावे, नाहीतर पहिली पाच उत्तरे त्या शब्दाचा अर्थ विचारण्यातच जातात. आयडी एडिटरमध्ये सेव्ह केल्यावर त्या भागातल्या मॅपर-गटांचे दुवे दिसतात. तो पडदा वाचण्याआधीच बंद करण्याची आपल्याला सवय असते, एकदा तो नीट पाहावा.

विचारण्यापूर्वी ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर त्या टॅगचे पान वाचावे आणि फोरमवर शोधून पाहावे. भारतातल्या जुन्या चर्चा ‘टॉक-इन’ या मेलिंग लिस्टच्या संग्रहातही आहेत. नव्या माणसाने त्या लिस्टचे सभासद व्हावे असे मी म्हणणार नाही, पण संग्रह वाचायला उपयोगी आहे. विकीच्या चर्चापानावर प्रश्न टाकू नये. तिथे उत्तर येते, पण कधी कधी पुढच्या पावसाळ्यात.

प्रश्न कसा मांडावा, याचा एक नमुना सविस्तर देतो, कारण चांगला मांडलेला प्रश्न निम्मा सुटलेला असतो. ‘बंधारा कसा मॅप करायचा?’ या शीर्षकाला कोणी नीट उत्तर देऊ शकणार नाही. त्याऐवजी शीर्षक असे द्यावे: ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा: वरून दुचाकी जाते, तर पूल नोंदवावा का?’ आणि खाली लिहावे: ‘आमच्या गावाजवळ नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळ्यानंतर खांबांच्या मधल्या गाळ्यांत बरगे बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. वरच्या फरशीवरून लोक चालत आणि दुचाकीवरून जातात. चारचाकी जात नाही. पुरात फरशी पाण्याखाली असते. मी सध्या ही रेषा बंधारा म्हणून काढली आहे, पण दोन्ही काठांचे रस्ते जोडले नाहीत. सोबत मी काढलेली दोन छायाचित्रे आणि त्या जागेचा दुवा आहे.’ यात वस्तू कशी दिसते, कशी वापरली जाते, ऋतूनुसार काय बदलते आणि तुम्ही आतापर्यंत काय केले, हे सगळे आले. केरळातला किंवा जर्मनीतला माणूस आता बंधारा न पाहताही मत देऊ शकतो. छायाचित्र स्वतः काढलेलेच असावे. पुरावा म्हणून गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट टाकला, तर मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि परवान्याचीच चर्चा सुरू होते.

भारताच्या विभागात बहुतांश लिखाण इंग्रजीत होते. इंग्रजी अवघड वाटत असेल तर मराठीत लिहून वर इंग्रजीत एक-दोन ओळींचा आशय द्यावा. निर्णय सगळ्या राज्यांना लागू होणार असेल तर इंग्रजी सोयीची. पण विषय फक्त कोकणातल्या वाड्यांच्या नावांचा असेल, तर तो मराठीतच बोलला जाणे अधिक बरे, कारण ‘वाडी’, ‘पाडा’, ‘वस्ती’ आणि ‘तांडा’ यांतला फरक इंग्रजीत सांगताना अर्धा हरवतो.

उत्तर मिळाले आणि त्याप्रमाणे बदल केला, की चेंजसेटच्या टिप्पणीत त्या चर्चेचा दुवा द्यावा. बहुतेक जण ही गोष्ट विसरतात, आणि मग दोन वर्षांनी कोणीतरी तोच बंधारा पुन्हा ‘दुरुस्त’ करतो.

पाचवी पायरी: चॅट

टेलिग्राम, मॅट्रिक्स किंवा डिस्कॉर्डवरचे गट वेगवान असतात. ‘जोसममध्ये दोन रेषा एकत्र कशा जोडायच्या?’ या, जोसम नावाच्या संगणकावरच्या एडिटरविषयीच्या प्रश्नाला चॅटवर पाच मिनिटांत उत्तर मिळते, आणि त्यासाठी फोरमवर नवा धागा उघडणे खरोखरच अनावश्यक आहे. नव्या माणसाची भीड मोडायलाही चॅट चांगले. मात्र एका वेळी एकाच गटात सामील व्हावे. पहिल्या आठवड्यात चार ठिकाणी नाव नोंदवून सगळ्यांच्या सूचना म्यूट करणारे बरेच मॅपर महिन्याभरात कुठेच नसतात.

चॅटचा धोका मी स्वतः अनुभवला आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या गटात आम्ही पाच-सहा जणांनी एका खोऱ्यातल्या वाड्या कशा नोंदवायच्या, कोणत्या वाडीचे नाव मूळ गावाच्या नावासह लिहायचे आणि कोणत्या वाडीचे एकटे, हे दोन संध्याकाळी बोलून ठरवले आणि शंभरेक वाड्या त्याप्रमाणे नोंदवल्या. सहा-सात महिन्यांनी एका नव्या मॅपरने ती नावे आपल्या समजुतीप्रमाणे बदलायला सुरुवात केली. त्याच्या चेंजसेटखाली मी ‘हे आधी ठरले आहे’ असे लिहिले, तेव्हा त्याने रास्त प्रश्न विचारला: ‘कुठे?’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. तो गट एव्हाना दुसऱ्या अॅपवर गेला होता आणि जुने संदेश कोणाकडेच सलग नव्हते. शेवटी सगळी चर्चा फोरमवर पहिल्यापासून करावी लागली, आणि खरे सांगायचे तर त्या नव्या मॅपरचे दोन मुद्दे आमच्या मूळ निर्णयापेक्षा चांगले ठरले. तेव्हापासून चॅटवर काहीही ठरले, की त्याच दिवशी फोरमवर चार ओळी लिहून ठेवतो.

सहावी पायरी: मतभेद झाल्यास

नावांवरून वाद होतात, आणि महाराष्ट्रात ते होणारच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे बदल २०२३ साली झाले. अशा वेळी एक जण नाव बदलतो, दुसरा ते परत फिरवतो, आणि दिवसाला तीनदा हाच खेळ चालतो. तुम्ही या खेळात सापडलात, तर दुसऱ्यांदा बदल करण्याऐवजी थांबावे. प्रथम त्या चेंजसेटखाली लिहावे, आणि लिहिताना भावनेवर न जाता टॅगवर बोलावे: सध्याचे नाव कुठे, जुने नाव ‘ओल्ड_नेम’ मध्ये आहे का, मराठी नाव ‘नेम:एमआर’ मध्ये आहे का. बऱ्याचदा दोघांचेही म्हणणे वेगवेगळ्या टॅगमध्ये सामावते. बेळगावसारख्या ठिकाणी तर भाषेनुसार वेगळे नाव नोंदवण्याची ही सोय फारच उपयोगी पडते.

आठवडाभरात उत्तर आले नाही किंवा पटण्यासारखे आले नाही, तर चेंजसेटचा दुवा देऊन भारताच्या विभागात विषय मांडावा, समोरच्या मॅपरवर नव्हे तर त्या नोंदीवर. तिथेही सुटले नाही, किंवा कोणी जाणूनबुजून नासधूस करत असेल, तरच डेटा वर्किंग ग्रुपकडे जावे. तेही स्वयंसेवकच आहेत, आणि तुम्ही आधी कुठे काय बोललात हे ते सर्वांत आधी पाहतात. देशाच्या सीमारेषांचा विषय नव्या माणसाने हाती घेऊ नये. प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे, यावरून सीमा दाखवण्याचे प्रकल्पाचे धोरण आहे, आणि एका एडिटने ते बदलत नाही.

काही प्रश्न भलत्याच दारी नेले जातात

‘मी मराठी नाव घातले, पण नकाशावर इंग्रजीच दिसते’ ही तक्रार दर महिन्याला कुठे ना कुठे येते. संकेतस्थळावरची नेहमीची नकाशा-मांडणी ‘नेम’ या मुख्य टॅगमधले नाव छापते, ‘नेम:एमआर’ मधले नाही. तुमची नोंद जागेवर असते आणि मराठी नावे दाखवणारी अॅप ती वापरतात. ही कोणाची चूक नाही, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नसते. मुख्य टॅग मराठी करून टाकणे हा त्यावरचा उपाय समजू नये. ती पद्धतीची बाब आहे, आणि तिची जागा फोरमवर. एखाद्या वस्तूचा रंग किंवा चिन्ह आवडले नाही, तर तो विषय मांडणीचे काम पाहणाऱ्यांच्या, गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावरील प्रकल्पात जातो. आयडी एडिटरमधला बिघाड त्याच्या गिटहबवर, जोसममधला जोसमच्या स्वतःच्या नोंदवहीत.

आपत्तीच्या वेळी टास्किंग मॅनेजरवर, म्हणजे मोठा भाग चौकोनांत वाटून अनेकांनी मिळून रेखाटण्याच्या साधनावर, काम करत असाल, तर प्रश्न त्या कामाच्या चौकोनाखालच्या टिप्पणीतच लिहावा. काम तपासणारा माणूस तोच चौकोन उघडतो. त्याच वेळी तो तुमच्या टेलिग्राम गटात असेलच असे नाही. एखाद्या सरकारी यादीतून हजारो नोंदी एकदम चढवायच्या असतील, तर फोरमवर आधी चर्चा केल्याशिवाय सुरुवातही करू नये. अशा आयातीसाठी वेगळे नियम आहेत आणि ते मोडल्यास सगळे काम परत फिरवले जाऊ शकते.

राहिला तो प्रसंग, की योग्य ठिकाणी, नीट मांडून विचारले आणि तरीही कोणीच उत्तर दिले नाही. असे होते. आठवड्याभराने त्याच धाग्यात एखादे नवे छायाचित्र किंवा तुमचा स्वतःचा प्रस्ताव लिहावा. ‘कोणी आहे का?’ असे नुसते लिहून धागा वर आणू नये. तरीही शांतता असेल, तर तुम्हाला योग्य वाटते तशी नोंद करावी, चेंजसेटच्या टिप्पणीत कारण आणि धाग्याचा दुवा द्यावा, आणि त्या वस्तूवर ‘फिक्समी’ टॅगमध्ये नेमकी शंका लिहावी: ‘बरगे काढल्यावर वरची फरशी वापरात असते का, पावसाळ्यात पाहणे आवश्यक.’ पुढच्या जुलैत त्या काठावरून जाणारा कोणी मॅपर ते वाचेल, आणि तोपर्यंत ती शंका त्या बंधाऱ्यालाच चिकटलेली असेल.